रस्त्याकडेची पिचकारी: काढावी की राहू द्यावी?

पानगळ
आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिचकारीची, म्हणजे स्पॅथोडियाची, मोठी झाडं आहेत. बहर आला की शेंड्याशेंड्याला शेंदरी झुबके लागतात, लोक थांबून फोटो काढतात. मागे ओढा आहे आणि त्याच्या काठाला आता याचीच रोपं दाटली आहेत, ती कुणीही लावलेली नाहीत. रहिवाशांच्या समितीला उरलेल्या खड्ड्यांतही हेच झाड हवंय. मी विरोध केला तर "झाडांच्या विरोधात आहे" असं म्हणतील. काय सांगू त्यांना? आणि आहेत ती काढायला लावायची का?

सावली
माझं स्पष्ट मत: उभं झाड तोडू नका. भर दुपारी त्या रस्त्यावरून चालणाऱ्याला झाड कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. सावली मिळतेय ना?

मातीचा हात
मी रोपवाटिकेत काम करते, रोज रोपं हाताळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिचकारी मूळची आफ्रिकेतल्या उष्ण, दमट जंगलांतली. फुलांसाठी जगभर नेली गेली. जिथे ऊब आणि ओल मिळाली तिथे ती कुंपण ओलांडून गेली. फिजी आणि हवाईत ती शेतात, जंगलात घुसली आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक जातींची आययूसीएनची (निसर्ग जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) जी यादी आहे, तिच्यात हे झाड आहे.

कारण समितीला दाखवायचं असेल तर एक सुकलेली शेंग घेऊन जा. होडीसारखी असते. उकलली की आत बियांची चळत दिसते. एकेक बी नखाएवढी, भोवती पारदर्शक पापुद्रा. तळहातावर घेऊन हलकी फुंकर मारा, बी खाली पडतच नाही, तरंगत जाते. एका शेंगेत अशा शेकडो. तुमच्या ओढ्यावर रोपं कुठून आली हे मग वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय मुळांतून धुमारे फुटतात, आणि तोडून टाकलेला फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला तर तोही जीव धरतो.

फुलांबद्दलही बोला. गळलेलं फूल उलटं करून झटकलं तर कित्येकदा मेलेले बारीक कीटक बाहेर पडतात. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यानं मधमाश्यांच्या काळजीनं 2019 मध्ये या झाडाच्या लागवडीवर कायद्यानं बंदी घातली. मला हे सगळ्यात जास्त लागतं. फुलझाड लावायचं आणि त्यावर येणारी माशीच मरायची!

'सावली' यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. पोर्टो रिकोत ओसाड पडलेल्या शेतांवर पिचकारीचं रान माजलं आणि पुढे त्याच्याच सावलीत तिथली मूळची झाडंही उगवली. म्हणजे झाड वाईट नाही. कडुनिंबाचंच घ्या. आपल्याला किती जवळचा! ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे सावलीसाठी लावला, तो नदीकाठांनी पसरला आणि नॉर्दर्न टेरिटरीत आज तो अधिकृतपणे तण ठरवलेला आहे. म्हणून रस्त्यासाठी झाड निवडताना मी फुलाच्या आधी विचारते, बी कशी जाते आणि इथे तिला आवरणारं कोणी आहे का?

बियाणं
"आमची जात वांझ आहे, पसरणार नाही" असं विक्रेत्यानं सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 1960च्या दशकात 'ब्रॅडफर्ड' नावाचं शोभेचं पेअर बाजारात आलं. पांढऱ्या फुलांचं, आटोपशीर, निवासी रस्त्यांवर रांगाच्या रांगा लागल्या. स्वतःच्याच परागानं त्याला फळ धरत नाही हे खरं होतं. पण नंतर त्याच झाडाचे दुसरे वाण शेजारी लागले, संकर झाला, पक्ष्यांनी फळं खाल्ली आणि पडीक जमिनींवर काटेरी रान झालं. ओहायोत 2023 पासून त्याच्या विक्रीवर आणि लागवडीवर बंदी आहे.

पानगळ
नवीन लावायचं नाही हे पक्कं झालं, शेंग घेऊनच बैठकीला जाते. पण आहेत त्यांचं काय? आणि ओढ्याचं?

मातीचा हात
सुरुवात ओढ्यापासून करा, रस्त्यापासून नको. लहान रोपं पाऊस पडून माती भिजली की मुळासकट उपटा. मूळ तुटून आत राहिलं तर पुन्हा फुटेल. उपटलेलं काठावर टाकू नका, कोरड्या जागी पूर्ण वाळू द्या.

मोठी झाडं एकदम काढायला मी सांगणार नाही. रस्ता उघडा पडेल आणि नुसतं तोडून बुंध्यातून धुमारेच येतील. रिकाम्या खड्ड्यांत आत्ताच तुमच्या परिसरातल्या जंगलात आपोआप वाढणारं, सावली देणारं झाड लावा. ते मोठं झालं की शेजारच्या पिचकारीचा विचार करा, ओढ्याला सर्वांत जवळची आधी. हिचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, तेव्हा पोकळ झालेल्या झाडांची तपासणी मात्र लांबवू नका. रस्त्यावरचं झाड सार्वजनिक असतं, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. आणि काढलेल्या झाडाचे धुमारे पुढची काही वर्षं खुडत राहावे लागतील, ते काम कोणाकडे हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.