मदत हवी आहे: मेलिफेराच्या पेट्यांत व्हॅरोआ

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ काटोलला संत्र्याच्या बागेत मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाश्यांच्या 6 पेट्या आहेत. 2 पेट्यांसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या रांगताना दिसल्या. नर माश्यांची बंद घरं उघडली तर आत तांबूस व्हॅरोआ (मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी कोळी)! जीव कळवळला.

बांधावरची सातेरी (आपली देशी मधमाशी) मात्र ठणठणीत. ती एकमेकींच्या अंगावरचे कोळी जबड्याने काढते, बाधित पिलावा (अळ्या-कोष) बाहेर टाकते. तिच्याकडे व्हॅरोआ बहुतेक नराच्याच घरात वाढतो. अशी सफाई करणाऱ्या मेलिफेराच्या वसाहतीही असतात. त्या ओळखून त्यांच्याच राण्या कुणी वाढवल्यात का? कशा ओळखल्या?

पिठीसाखरेत माश्या घोळवून कोळी मोजायच्या चाचणीत 300 माश्यांमागे किती कोळी निघाले की तुम्ही उपचार करता? आपल्या उन्हात कोळी मारायला फॉर्मिक आम्ल वापरायची भीती वाटते, राणीच दगावायची. अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.