एका रुग्णावरून सर्वांच्या स्मृतीचा सिद्धांत मांडता येतो का?

बहिःस्थ_विद्यार्थिनी:

नमस्कार. मी नोकरी सांभाळून बी. ए.साठी मानसशास्त्राचा अभ्यास करीत आहे. वर्गात बसून शंका विचारण्याची सोय नसल्यामुळे येथे लिहीत आहे.

संशोधन पद्धतींच्या प्रकरणात व्यक्ती-अभ्यासाच्या मर्यादा सांगताना आमच्या पुस्तकात म्हटले आहे की, एका व्यक्तीच्या अभ्यासावरून सामान्य नियम काढता येत नाही आणि कार्यकारणसंबंध तर प्रयोगाशिवाय सिद्धच होत नाही. हे वाचून मी पुढे गेले, तर स्मृतीच्या प्रकरणात एच. एम. या एकाच रुग्णाचा आधार घेऊन ‘नव्या स्मृती तयार करण्याचे काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग करतो’ असे विधान ठामपणे केलेले आढळले. त्यात तो रुग्ण अपस्माराचा, म्हणजे त्याचा मेंदू शस्त्रक्रियेपूर्वीही पूर्णपणे निरोगी नव्हता. एकाच पुस्तकातील ही दोन प्रकरणे परस्परविरोधी नाहीत का? ‘व्यक्ती-अभ्यास पद्धतीचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न परीक्षेत आल्यास यांपैकी कोणती भूमिका घ्यावी?

सांगलीचे_मास्तर:

आपली शंका रास्त आहे. अनेक विद्यार्थी ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या आठवड्यांत पाठ करतात, त्यामुळे त्यांना ती कधी पडतच नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. एच. एम., म्हणजे हेन्री मोलेसन, हा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातला तरुण. लहानपणापासून त्याला फिट येत असत आणि औषधांचे मोठे डोस घेऊनही त्या आटोक्यात येईनात, तेव्हा १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा (कानांजवळच्या मेंदूखंडांचा) आतला भाग, ज्यात हिप्पोकॅम्पस येतो, काढून टाकला. फिट बऱ्याच कमी झाल्या. पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. एप्रिल १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची तपासणी केली, त्या वेळी त्याने चालू महिना मार्च १९५३ असल्याचे आणि आपले वय २७ असल्याचे सांगितले. त्याच तपासणीत त्याचा बुद्धिगुणांक ११२ भरला, तर स्मृतिगुणांक अवघा ६७. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा बुद्धिगुणांक १०४ नोंदवलेला होता. आपल्या अपस्माराच्या आक्षेपाला येथे निदान अर्धे उत्तर मिळते. फिट त्याला शस्त्रक्रियेआधीही येत होत्या, पण स्मृतीची ही दशा शस्त्रक्रियेनंतरच झाली, आणि बुद्धी तर घटली नाहीच.

आता तर्काचा भाग. ‘एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही’ हे खरे असले, तरी एका उदाहरणाने नियम मोडता मात्र येतो. त्या काळात मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांच्या उंदरांवरील प्रयोगांमुळे असे मत प्रबळ होते की, स्मृती मेंदूच्या एखाद्या ठरावीक जागी नसते, ती मेंदूच्या बाह्यकात (पृष्ठभागाच्या थरात) सर्वत्र पसरलेली असते आणि मेंदूचा किती भाग गेला यावर तिचे नुकसान अवलंबून असते. हे मत जसेच्या तसे खरे असते, तर बुद्धी शाबूत असताना केवळ नवी स्मृती नाहीशी झालेला माणूस आढळायलाच नको होता. असा एकच माणूस नीट तपासून समोर ठेवला, एवढ्यानेच ते मत त्या स्वरूपात टिकेनासे झाले. व्यक्ती-अभ्यासाचे हे सामर्थ्य पुस्तके पुरेसे सांगत नाहीत, असे माझे मत आहे.

शिवाय ‘एकच रुग्ण’ हे म्हणणेही अपुरे आहे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांच्या १९५७ सालच्या शोधनिबंधात एच. एम.बरोबर आठ मनोरुग्णांच्या चाचण्यांची माहिती आहे. त्यांच्यावरही त्याच प्रकारच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, मात्र काढलेला भाग कोणाचा कमी, कोणाचा जास्त होता. ज्यांचा केवळ पुढचा भाग काढला होता, त्यांची स्मृती शाबूत राहिली. काढलेला भाग मागे हिप्पोकॅम्पसपर्यंत पोहोचला तेथे स्मृती बिघडली. पुस्तके मात्र एच. एम.ची गोष्ट सांगतात आणि या आठ जणांना वगळतात, आणि वाचकाचा असा गैरसमज होतो की सारी इमारत एका खांबावर उभी आहे.

मेधा_पुणे:

मास्तरांच्या उत्तराला मॉन्ट्रियलच्या दोन रुग्णांची जोड देते. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी पी. बी. आणि एफ. सी. हे दोन रुग्ण अभ्यासले होते. त्यांच्या मेंदूतील एकाच, म्हणजे डाव्या, बाजूचा भाग काढला होता आणि तरीही त्यांची स्मृती एच. एम.सारखीच गेली. एका बाजूने एवढे नुकसान व्हायला नको होते, कारण तशा शस्त्रक्रिया झालेले इतर अनेक रुग्ण ठणठणीत होते. तेव्हा पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी तर्क मांडला की, या रुग्णांची दुसरी बाजू आधीपासूनच खराब असली पाहिजे. पुढे पी. बी. यांचे निधन झाल्यावर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला निघाला. आधी भाकीत आणि नंतर त्याची पडताळणी असा हा क्रम आहे, आणि तो व्यक्ती-अभ्यासातही शक्य आहे.

जुनी_प्रयोगशाळा:

मी अनेक वर्षे महाविद्यालयाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून दर्पण-रेखनाविषयी लिहितो. आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांना हे उपकरण प्रात्यक्षिकात भेटते. धातूच्या पट्टीत कोरलेली चांदणी, समोर उभा आरसा, हात आणि चांदणी थेट दिसू नये म्हणून आडवा पडदा, आणि टोकदार लेखणी मार्गाबाहेर गेली की टिकटिकणारा गणक. उजव्या हाताचा सराव डाव्या हाताला कितपत उपयोगी पडतो, हे त्यावर पाहतात. पहिल्या फेरीत हुशार विद्यार्थ्याचा हातही चांदणीच्या कोपऱ्यावर अडकतो, कारण पुढे जायचे असते तेव्हा हात मागे ओढला जातो, आणि गणक सारखा वाजत राहतो.

मिल्नर यांनी हेच काम एच. एम.ला कागद-पेन्सिलीने दिले. चांदणीच्या दोन रेषांमधून आरशात पाहून पेन्सिल फिरवायची, दिवसाला दहा फेऱ्या, असे तीन दिवस. त्याच्या चुका फेरीगणिक कमी होत गेल्या आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात आदल्या दिवशीच्या शेवटाच्या जवळपास झाली. मात्र आपण हे काम पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी काहीच कल्पना नसे. हातांना सराव झाला होता, माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा की, येथे व्यक्ती एकच असली तरी तिच्यावर प्रयोग होत आहेत. काम बदलायचे, बाकीच्या गोष्टी त्याच ठेवायच्या आणि फरक कोठे पडतो ते पाहायचे. लक्षात ठेवायला दिलेला ५८४ हा आकडा त्याने बेरीज-वजाबाकीची एक युक्ती लढवून पंधरा मिनिटे मनात घोळवत ठेवला. लक्ष दुसरीकडे वळताच आकडाही गेला आणि युक्तीही गेली. म्हणजे अल्पकालीन स्मृती ठीक, कौशल्याचे अध्ययन ठीक, आणि बिघाड केवळ घटना व माहितीच्या नव्या दीर्घकालीन स्मृतीत. ‘त्याचे लक्षच नसेल’ किंवा ‘त्याची शिकण्याची क्षमताच गेली असेल’ ही पर्यायी स्पष्टीकरणे अशा चाचण्यांमुळे बाद होतात.

शंकासुर:

वरील सर्व मान्य करूनही माझा आक्षेप आहे, आणि तो पुस्तकातील त्या विधानाच्या नेमकेपणावर आहे. एच. एम.च्या मेंदूतून केवळ हिप्पोकॅम्पस काढला गेला नव्हता. अमिग्डाला हा शेजारचा भाग गेला आणि हिप्पोकॅम्पसलगतच्या बाह्यकाचा मोठा भागही गेला. उलट, हिप्पोकॅम्पस मात्र पूर्ण गेलाच नव्हता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासातच दिसले की स्कोव्हिल यांच्या अंदाजापेक्षा काढलेला भाग लहान होता. २००८ साली एच. एम.चे निधन झाल्यानंतर सॅन दिएगो येथे त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप केले गेले. २०१४ साली त्याचा अहवाल आला, त्यात हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग शिल्लक असल्याचे, आणि वर डाव्या कपाळखंडात कोणालाही माहीत नसलेली एक लहान इजा असल्याचे नमूद आहे.

अशा परिस्थितीत ‘हिप्पोकॅम्पस काढला म्हणून स्मृती गेली’ हे वाक्य एच. एम.च्या आधारे लिहिणे मला घाईचे वाटते. या भागात कुठेतरी स्मृतीचे काम चालते, एवढेच त्या प्रकरणावरून म्हणता येईल. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा हे कळत नाही, हा नियम प्रयोगाला लागतो तसाच सुरीलाही लागतो.

बहिःस्थ_विद्यार्थिनी:

सर्वांचे आभार. शंकासुर यांचा मुद्दा मला पटला, पण मग नेमका कोणता भाग महत्त्वाचा हे ठरले कसे? असे रुग्ण तर मुद्दाम तयार करता येत नाहीत.

आणखी एक विचारते. लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस मोठा असतो, हा अभ्यासही त्याच प्रकरणात दिला आहे. त्यात अनेक व्यक्ती होत्या. मग कार्यकारणसंबंधाच्या दृष्टीने तो एच. एम.पेक्षा अधिक भक्कम मानावा का?

सांगलीचे_मास्तर:

शंकासुर यांचा आक्षेप योग्य आहे, आणि संशोधकांनाही तो सुचला होता. त्याचे उत्तर मिळण्यास मात्र सुमारे ३० वर्षे लागली.

पहिला मार्ग माकडांचा. सुरुवातीला माकडांचा तोच भाग काढूनही त्यांचे अध्ययन बिघडलेले दिसेना, त्यामुळे काही काळ असे वाटले की मानवाचा मेंदूच वेगळा आहे. खरी अडचण चाचणीत होती. त्या चाचण्या सरावाने अंगवळणी पडणाऱ्या होत्या, म्हणजे दर्पण-रेखनाच्याच जातीच्या. १९७०च्या दशकात नव्या प्रकारची चाचणी आली: माकडाला एक वस्तू एकदाच दाखवायची, काही वेळाने तीच वस्तू आणि एक नवी वस्तू समोर ठेवायची, आणि नवी निवडली तर खाऊ द्यायचा. येथे माकडे एच. एम.सारखीच चुकू लागली. मग एकेक भाग वेगवेगळा काढून पाहता आला. १९७८ साली मॉर्टिमर मिश्किन यांचा निष्कर्ष होता की हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला हे दोन्ही गेले तरच स्मृती फार बिघडते. पुढे लॅरी स्क्वायर आणि स्टुअर्ट झोला-मॉर्गन यांच्या गटाने दाखवले की, भोवतीच्या बाह्यकाला धक्का न लावता केवळ अमिग्डालाला इजा केली, तर या स्मृतीवर परिणाम होत नाही. अमिग्डाला काढताना शेजारचा बाह्यक कापला जात होता, आणि नुकसान त्याचे होते. म्हणजे हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचा बाह्यक मिळून ही व्यवस्था चालते.

दुसरा मार्ग पुन्हा एका व्यक्तीचाच. आर. बी. या रुग्णाच्या मेंदूचा रक्तपुरवठा हृदयशस्त्रक्रियेनंतर काही काळ अपुरा पडला आणि त्याची नवी स्मृती बिघडली. सुमारे पाच वर्षे त्याच्या चाचण्या झाल्या. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याची इजा जवळजवळ केवळ हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या पट्ट्यापुरती, पण दोन्ही बाजूंना असल्याचे आढळले. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा स्मृतिभ्रंश एच. एम.इतका तीव्र नव्हता आणि तसेच अपेक्षित होते. आपल्या पुस्तकातील ते विधान खरे तर आर. बी.च्या नावाने लिहायला हवे होते.

टॅक्सीचालकांविषयी मेधाताई अधिक चांगले सांगतील.

मेधा_पुणे:

थोडक्यात सांगते. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात १६ टॅक्सीचालक आणि तुलनेसाठी टॅक्सी न चालवणाऱ्या ५० व्यक्ती होत्या. चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा, तर पुढचा भाग लहान होता, आणि जितकी अधिक वर्षे टॅक्सी चालवली तितका उजव्या बाजूचा मागचा भाग मोठा, असा सहसंबंध दिसला. पण हा सहसंबंधच. रस्ते पाठ केल्यामुळे तो भाग वाढला, की तो मुळातच मोठा असलेली माणसे या व्यवसायात टिकली, हे त्यावरून ठरत नाही. व्यक्तींची संख्या वाढवून हा प्रश्न सुटला नसता. १६ ऐवजी १,६०० चालक घेतले असते, तरी तो तसाच राहिला असता. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

त्याच गटाने आधी बसचालकांशी तुलना केली. दिवसभर वाहन चालवणे, रहदारीचा ताण या गोष्टी दोघांच्या सारख्याच, पण बस ठरलेल्या मार्गानेच जाते. फरक टॅक्सीचालकांतच दिसला. नंतर २०११ साली त्यांनी परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या ७९ उमेदवारांचा प्रशिक्षणाच्या आधी आणि काही वर्षांनंतर एमआरआय केल्याचा अहवाल आला. प्रारंभी कोणात लक्षणीय फरक नव्हता; उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या मेंदूतच त्या भागाची वाढ दिसली, अनुत्तीर्णांच्या आणि तुलनागटाच्या मेंदूत नाही. अर्थात, उत्तीर्ण कोण होणार हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे हाही पूर्ण अर्थाने प्रयोग नव्हे.

बहिःस्थ_विद्यार्थिनी:

आता दोन्ही प्रकरणे पुन्हा वाचते. उत्तरात एच. एम.चे पूर्ण नाव लिहिले तर चालेल का? आमच्या पुस्तकात केवळ आद्याक्षरे आहेत.

सांगलीचे_मास्तर:

अवश्य लिहा. ते हयात असेपर्यंत त्यांची ओळख गुप्त ठेवली होती. २००८ नंतर नाव जाहीर झाले आहे. मात्र परीक्षक जुन्या पुस्तकावरून तपासणारे असू शकतात, म्हणून पहिल्यांदा ‘एच. एम. ऊर्फ हेन्री मोलेसन’ असे लिहावे. आणि शक्य असल्यास त्या आठ मनोरुग्णांचा उल्लेख एका वाक्यात तरी करावा.