तोफेतली दारू न् फटाक्यातली दारू एकच का?

पंचवटीकर: देवळालीला तोफांचा सराव बघितला, आवाजानं छाती हादरली पण धूर अगदीच कमी, मग किल्ल्यांवरच्या जुन्या तोफांची दारू वेगळी असायची का?

सिडकोवाला: हो, ती काळी दारू. जळली की निम्म्याहून जास्त वजन घन कणांत उरतं, तोच दाट धूर. आता ती मुख्यतः फटाके, वाती यात. तोफेत बिनधुराची पावडर, १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं नायट्रोसेल्युलोजपासून (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) काढलेली.

नाशिकरोडकर: दोन्ही लो एक्स्प्लोझिव्ह, म्हणजे मंद स्फोटकंच बरं का, आवाजाच्या वेगापेक्षा हळू जळतात म्हणून गोळा ढकलला जातो, तिथं टीएनटीसारखं झटक्यात फुटणारं स्फोटक असतं तर नळीच फुटली असती. टीएनटी गोळ्याच्या आत असतं!

पंचवटीकर: अच्छा, ढकलायला एक, फोडायला दुसरं. थँक्यू दादा!