अण्णांचा बीपी १७२/६८, ब्लॉकेज नाही तरी हृदय जाड कसं काय?

कापूसवाला_पारोळा:
मंडळी जरा समजावून सांगा. आमचे अण्णा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी १४ वर्षांपासून आहे पण बरं वाटलं की बंद करायचे, "माले काय व्हयेल शे" म्हणून. मागच्या महिन्यात वेचणी चालू होती, बांध चढता चढता दम लागला, कापसाचं गाठोडं तिथंच टेकवून खाली बसले, मी घाबरलो न् सरळ जळगावला नेलं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत १३ मिलिमीटर, खाली लिहिलंय कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के. डॉक्टर म्हणाले नसा कडक झाल्यात, त्याचा भार हृदयावर आलाय. गर्दी एवढी होती की पुढचं विचारताच आलं नाही. ब्लॉकेज नाही तर नसा कडक म्हणजे काय? आणि खालचा ६८ म्हणजे चांगलाच ना?

खान्देशी_पाटील:
भो, माझ्या काकांचाही खालचा ६५ च्या आसपास यायचा. आम्ही एक गोळी कमी केली, अजून उतरला तर चक्कर येईल म्हणून. तुम्ही पण विचार करा.

डॉक्टर_सातपुडा:
मी चोपड्याकडे प्रॅक्टिस करतो. पाटील भाऊ, राग मानू नका पण असं मनानं गोळी कमी करू नका आणि दुसऱ्याला सांगूही नका. साठीनंतर वरचा जास्त न् खालचा कमी, हे चांगलं लक्षण नाही, मोठी धमनी कडक झाल्याचं लक्षण आहे. अण्णांच्या दोन आकड्यांत १०४ चं अंतर आहे, या वयात ६० च्या वर गेलं तरी आम्ही सावध होतो.

कापूसवाले भाऊ, पाठीवरचा फवारणीचा पंप आठवा. दांडा तुम्ही थांबत थांबत मारता तरी नोझलमधून फवारा सलग येतो, कारण आतल्या कप्प्यात हवा दाबून बसते आणि दोन धक्क्यांच्या मधे तीच औषध पुढं ढकलते. हृदयातून निघणारी महाधमनी हेच काम करते, ठोका पडला की फुगते, थोडं रक्त धरून ठेवते, हृदय विसावलं की आकसून ते पुढं सोडते. (घोडीचा रक्तदाब मोजणाऱ्या स्टीफन हेल्सनं १७३३ सालीच आग विझवायच्या बंबाशी ही तुलना केली होती.) वय आणि वर्षानुवर्षांचा बीपी यानं धमनीच्या भिंतीतला रबरासारखा भाग, इलॅस्टिन, तुटत जातो आणि ताठ कोलॅजन वाढतं. मग फुगणं कमी, म्हणून वरचा चढतो, आणि धरून ठेवलेलं रक्तच कमी म्हणून खालचा पडतो. ब्लॉकेज नळीच्या आत वाट अडवतो, हा बिघाड नळीच्या अंगातला, म्हणून अँजिओग्राफीत वाट मोकळी दिसली.

आणखी एक. प्रत्येक ठोक्याची लाट पुढच्या फाट्यांवर आपटून मागे येते. तरुणपणी ती हृदय विसावलेलं असताना पोचते, आणि त्याचा फायदाच होतो, हृदयाच्या स्वतःच्या धमन्या त्याच वेळी भरतात ना. कडक नळीत लाट पळत सुटते, मानेपासून जांघेपर्यंत मोजली तर सेकंदाला १० मीटरच्याही वर, आणि हृदय अजून जोर लावतच असतं तेव्हा परत येऊन धडकते. दिवसाला लाखभर ठोके असा ज्यादा जोर लावायचा म्हटल्यावर स्नायू जाड होणारच. पुरुषात भिंत १० मिलिमीटरपर्यंत असावी, अण्णांची १३ आहे, रिपोर्टातलं एलव्हीएच म्हणजे हीच जाडी. ईएफ ६० म्हणजे रक्त बाहेर ढकलायची ताकद ठीक, पण जाड स्नायू नीट सैल पडत नाही (डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे हेच), हृदय भरताना दाब मागे फुप्फुसाकडे जातो, बांध चढताना लागलेला दम बहुतेक यातलाच.

ही जाडी उतरू शकते, आणि हे अण्णांना मुद्दाम सांगा. बीपी सतत ताब्यात राहिला तर कमी होते, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटातल्या गोळ्या त्यात चांगल्या चालतात. पण गोळी एक दिवस घे, चार दिवस सोड, असं केलं तर काही उपयोग नाही. चक्कर येत असेल तर उभं राहून १ मिनिटानं न् ३ मिनिटांनी बीपी मोजा आणि लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस ते जुळवतील.

भुसावळची_लेक:
दादा, आमच्या आईचं असंच होतं. भाजीतलं मीठ कमी केलं तरी बीपी हटेना, मग लक्षात आलं रोज दोन्ही जेवणाला पापड न् वर लोणच्याची फोड. पापडखारात सोडियमच असतं, मीठ कमी टाकून लाटले तरी ते जातंच पोटात. शेव पण बघा, शेवभाजी आपल्याकडे आठवड्यातून दोनदा होतेच.

कापूसवाला_पारोळा:
डॉक्टर साहेब, ताई, खूप आभार. पंपाचं अण्णांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणे कप्प्यातली हवा गेली की दांडा किती जड जातो ते मी जाणतो. पापडाचा डबा आईनं वरच्या फळीवर ठेवलाय. आत्तापर्यंत ते गोठ्यातून आल्या आल्या मी पट्टा बांधायचो, आज पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं न् मग मोजला, १६२/७०. उभं राहून १५८/६८, चक्कर नाही. आकडे वहीत लिहितोय, सोमवारी फाईल घेऊन परत जातो.