न ऐकलेलं गाणं सापडतं कसं? ठाणे–नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

आवडत्या गाण्यांची यादी नको. कुठल्या वाटेने गेलं की न ऐकलेलं हाती लागतं आणि त्या वाटेवर कुठे फसायला होतं, एवढंच लिहा. ख्याल, आगरी गाणी, जॅझ, परदेशी, सगळं चालेल.

नौपाडा

गायकाच्या नावाने शोधलं की तेच ते समोर येतं. साथीदाराच्या नावाने शोधा. एलपीच्या कव्हरमागे बारीक अक्षरांत तबला, हार्मोनियम, ध्वनिमुद्रण यांची नावं असतात. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्यातल्या एखाद्या नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं नोंदलेलं सगळं काम उघडतं. नावापुढे कंसात २ किंवा ३ दिसला तर तो त्याच नावाचा दुसरा कुणीतरी, तिथे हमखास गफलत होते.

जुन्या हिंदी तबकड्यांवर वाद्यवृंद संयोजकाचं नाव बहुधा छापतच नसत, त्यामुळे ही नावं आधी माहीत असावी लागतात. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यापासून सुरुवात करा. यांतले शेवटचे दोघे ट्रंपेटवाले, मूळचे गोव्याचे. फर्नांड यांनी १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. तिथून कोकणी गाण्यांत शिरलं की संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना लांब नाहीत.

आणखी एक. एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ. आवडलेल्या तबकडीचा क्रमांक एकेकाने मागेपुढे करून शोधा. कुणी नावही न घेतलेल्या तबकड्या अशाच सापडतात.

कोपरी, ठाणे पूर्व

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांबद्दल (‘७८’) सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त विसरलेलं संगीत त्यांतच आहे आणि सगळ्यात जास्त नासधूसही त्यांचीच होते.

चोरबाजारात जायला ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने, दोन्हीकडून सँडहर्स्ट रोडलाच उतरायचं. तबकडी उजेडात तिरकी धरा. खाचा काळ्याभोर चमकल्या तर घ्या. राखाडी झाल्या असतील तर पोलादी सुयांनी त्या खरवडून नेल्यात, कितीही धुतलं तरी खरखर जाणार नाही.

धुताना स्पिरिट अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड, पुसायचं खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवायचं. मग उभी करून सावलीत वाळवा.

सुई ७८चीच हवी, टोक साधारण ७५ मायक्रॉनचं. एलपीची सुई फार बारीक. ती खाचेच्या तळाशी घसरते आणि तिथला कचराच वाजवते.

वेगात बहुतेकजण फसतात. नाव ७८, पण सुरुवातीच्या मुद्रणांचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत कुठेही असतो. वेग ६ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो: काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) गायलेलं पांढरी सहात ऐकू येतं आणि आवाज चिरका होतो. हार्मोनियम शेजारी ठेवा, कलाकाराची पट्टी ठाऊक असेल तर तिथे सा येईपर्यंत वेग उतरवा. पट्टी ठाऊक नसेल तर श्वास आणि शब्दोच्चार नैसर्गिक वाटतात का, हे ऐका.

लेबल फाटलेलं असलं तर शेवटचे दहा सेकंद आधी वाजवा. १९०२ पासूनच्या मुद्रणांत गौहरजानसारख्या गायिका शेवटी स्वतःचं नाव सांगतात. साचे छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं हे कळावं म्हणून. तेच नाव आज आपल्या कामी येतं.

घणसोली

आपल्याच गावठाणांत धवले अजून आहेत, ते ऐका. आगरी-कोळी लग्नात धवलारीण विधी चालवते आणि त्या त्या विधीचा धवला म्हणते. डीजे लागायच्या आधी पोचा, नंतर काही ऐकू येत नाही. धवलारणीला आणि घरच्यांना आधी विचारा. फोन एअरप्लेन मोडवर, डब्ल्यूएव्ही ४८ किलोहर्ट्झ, बाईंपासून हातभर अंतरावर, पंख्याच्या झोतात नको. आपोआप आवाज कमीजास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर भांडं वाजलं की गाणं दबतं. गावाचं नाव, तारीख आणि कुठला विधी हे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा; फाइलचं नाव बदललं तरी ते राहतं. शब्द नंतर निवांत त्यांच्याकडूनच लिहून घ्या, बोली ‘शुद्ध’ करू नका.

घरात कोळीगीतांच्या कॅसेट असतील तर वाजवण्यापूर्वी टेपच्या मागची छोटी स्पंजाची गादी जागेवर आहे का बघा. ती गळून पडलेली असली तर आवाज येतो आणि जातो. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर मात्र नको, रबर कडक होतं.

ऐरोली

परदेशी संगीत त्या त्या लिपीत शोधा. इंग्रजीत शोधलं की इंग्रजी श्रोत्यांनी निवडलेलंच दिसतं. यूट्यूबवर तारखेची ‘बिफोर’ ही अट घालून २०१२ पूर्वीचं मागवलं की हौशी संग्राहकांनी चढवलेलं वर येतं. बँडकँप या कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या संकेतस्थळावर अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रं असतात. पाच-दहाच खरेदीदार असलेला अल्बम निवडून त्यांतल्या एकेकाचा संग्रह उघडा. कुठल्याही आपोआप आलेल्या शिफारशीपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

गाणं ओळखणारं शझाम ॲप जुन्या मुद्रणांवर अडतं. ते चाल ओळखत नाही, नेमकं तेच मुद्रण जुळवतं. कोपरीकरांनी सांगितलेला वेग चुकलेला असला की जुळणी फसते.

रागसंगीत ऐकणाऱ्यांनी इथिओपियाचं जरूर ऐकावं. १९९७ पासून फ्रान्समधून निघालेली ‘इथिओपिक्स’ मालिका घ्या, चौथा भाग मुलातू अस्तात्के यांचा. तिथल्या तिझिता या सप्तकाच्या शुद्ध रूपात भूप रागाचे पाच स्वर आहेत, अंबासेल या दुसऱ्या सप्तकात गुणक्री रागाचे. चलन मात्र वेगळं, म्हणून पहिल्यांदा कान थबकतो.

वाशी

वरच्या सगळ्यांत भर एवढीच: आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी चोवीस तास चालू असते, ॲपवर मिळते. कलाकाराचं नाव फक्त सुरुवातीला आणि शेवटी सांगतात, म्हणून मधूनच लावलं तर वेळ टिपून ठेवा आणि शेवटच्या घोषणेपर्यंत बंद करू नका.