मदत हवी आहे: खाजणातले हिवाळी स्पॅरो मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा रत्नागिरीकडचा, सध्या नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टनजवळ राहतो. घरापासून अर्ध्या तासावर फोर्ट फिशरची खाजणं आहेत. गेले दोन हिवाळे तिथे एका छोट्या पक्ष्याच्या मागे आहे, सॉल्टमार्श स्पॅरो. नावात स्पॅरो असला तरी आपल्या चिमणीपेक्षा तो भारीट पक्ष्यांच्या जवळचा. केशरी चेहरा, छातीवर गडद बारीक रेघा, आणि उडण्याऐवजी गवताच्या बुडातून उंदरासारखा पळतो.

1998 ते 2012 या काळात याची संख्या दरवर्षी सुमारे 9 टक्क्यांनी घटली. म्हणजे चारातले तीन गेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेन राज्यापासून व्हर्जिनियापर्यंतच्या खाजणांत मादी एकटीच घरटं बांधते, तेही चिखलापासून काही सेंटिमीटरवर. पहिल्या अंड्यापासून पिल्लं घरट्याबाहेर पडेपर्यंत साधारण 23-24 दिवस लागतात आणि घरटी बुडवणारं सर्वांत मोठं उधाण येतं 28 दिवसांनी. हाताशी उरतात चार-पाच दिवस. समुद्र जरा चढला की तेही जातात. माझे आजोबा उधाण-भांग (मोठी-लहान भरती) बघून होडी काढायचे, त्यामुळे हा हिशेब वाचला तेव्हा पोटात कालवलं.

हिवाळ्यात हे पक्षी मुख्यतः व्हर्जिनिया ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरतात. म्हणून इथली मोजणी महत्त्वाची वाटते. पण माझे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. ओहोटीला तासभर हिंडून दोन दिसतात, आणि त्याच जागी पौर्णिमेच्या भरतीला वीसच्या वर. मग खरा आकडा कोणता?

दुसरी अडचण म्हणजे त्याच थव्यात नेल्सन्स स्पॅरोही असतो. चेहरा आणि छाती दोन्ही सारखीच केशरी-पिवळट, रेघा पुसट, चोच आखूड, तर तो नेल्सन्स, एवढं कळतं. पण दोन सेकंदांत गवतात घुसलेल्या पक्ष्याचं काय करू?

तिसरी गोष्ट जास्त छळते. काही जण दोन टोकांना दोरी धरून गवतावरून ओढतात, म्हणजे पक्षी उठतात. भरतीला त्यांना लपायला आधीच जागा थोडी, वर हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. आकड्यासाठी त्यांना असं उठवणं मला पटत नाही. दुसरा मार्ग आहे का?

---

उत्तर: मी न्यू जर्सीत बरीच वर्षं ख्रिसमस पक्षिगणनेत आहे. तुमचा एकही आकडा खोटा नाही, पण उधाणाचे आणि ओहोटीचे आकडे एका रांगेत मांडू नका. भरतीचं पाणी आत शिरलं की सगळे पक्षी उंच गवताच्या आणि पाण्याने लोटलेल्या वाळक्या काड्यांच्या कडेला गोळा होतात. पूर्ण भरतीच्या तासभर आधी बांधावर जाऊन उभे राहा, पाणी त्यांना तुमच्याकडे आणेल. दोरी लागणार नाही. दरवेळी तीच जागा, तेवढाच वेळ. भरतीची वेळ, उंची आणि वारा लिहा. वारा समुद्राकडून असेल तर पाणी तक्त्यापेक्षा जास्त चढतं. एकही दिसला नाही तर शून्य लिहाच, आम्ही सुरुवातीला ते लिहीत नव्हतो आणि आता हळहळतो.

ओळख पटली नाही तर ईबर्डवर (पक्षिनोंदींचं संकेतस्थळ) दोघांची जोडनोंद आहे, म्हणजे 'या दोघांपैकी एक', तीच करा. उत्तरेत दोघांचा संकरही होतो, त्यामुळे अंदाजाने नाव ठोकू नये. 1995पर्यंत हे दोन्ही एकच जात धरले जात, म्हणून त्याआधीच्या गणनेशी तुलना करायला जाऊ नका.

---

धागाकर्ता: मनापासून आभार. पाणी पक्ष्यांना आणेल हे डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या वहीतल्या ज्या नोंदींत वेळ आहे, त्यांना त्या दिवसाच्या भरतीचा तक्ता लावून बघतो. वेळ न लिहिलेल्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतील.

येत्या अमावास्येच्या उधाणाला जाणार आहे. एक जण दुर्बिणीत आणि एक जण वहीत असेल तर बरं पडेल. विल्मिंग्टन, मर्टल बीच परिसरात कुणी असाल तर इथेच कळवा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतील.