भावाला जनसंपर्काची पदवी करायची आहे, पुढे काम कुठे मिळतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला, कला शाखेत. दिवाळीपासून त्याने एकच धोशा लावलाय, पुण्याला नाहीतर मुंबईला जाऊन जनसंपर्काची म्हणजे पीआरची पदवी करायची. घरात कोणालाच यातलं काही कळत नाही. आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई काय शे?" त्याने समजावून सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे पुढाऱ्याची बॅग धरायची आणि हारतुरे सांभाळायचे, असंच ना? पोरगा ताटावरून उठून गेला. तेव्हापासून हा विषय निघाला की आई उठून कामाला लागते.

आबांना मी दोष देत नाही. साडेचार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि दादर ज्वारी. गावात डीएड करून मेडिकलच्या दुकानात गोळ्या मोजणारी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. शिक्षणावर पैसा घालायला ते नाही म्हणत नाहीत, पण त्या पैशाचं पुढे काय होतं ते त्यांना दिसायला हवं.

भावाच्या डोक्यात हे कुठून आलं ते सांगते. गेल्या मे महिन्यात गावाला सहा दिवसांआड पाणी होतं. कोणत्या गल्लीला कधी सुटणार हे कोणालाच माहीत नसायचं, त्यामुळे नळावर रोज भांडणं. ग्रामपंचायतीच्या दारावर कागद होता, 'सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की' असा सुरू होणारा. तो कोणी वाचला नाही. हा तीन दिवस पाणी सोडणाऱ्या काकांबरोबर फिरला, कोणत्या व्हॉल्व्हवर किती वेळ पाणी चालतं ते वहीत लिहिलं. मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लाल स्केचपेनने गल्लीवार वेळ लिहून पिठाच्या गिरणीवर, दूध डेअरीवर आणि मारुतीच्या पारावर चिकटवली. तेच अहिराणीत बोलून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चौथ्या दिवशी मोटर जळाली. सरपंच म्हणत होते, सकाळी बघू. याने रात्री दहालाच आवाज टाकला, "सकाय पानी येवाव नही, मोटर जयी गयी." रिवाइंडिंगला कुठे दिली, परत कधी येणार, तेही सांगितलं. लोक चिडले. पण पहाटे तीनला हंडे घेऊन कोणी नळावर जाऊन बसलं नाही.

त्याच्या सरांनी त्याला सांगितलं की हे काम लोक शिकून करतात, त्याला जनसंपर्क म्हणतात. झालं, तेव्हापासून हेच.

मला एवढंच विचारायचं आहे. ही पदवी घेतलेली मुलं प्रत्यक्षात काय काम करतात? सरकारी नोकरीची वाट आहे का? त्याचं इंग्रजी बेताचंच आहे, मराठी मात्र चांगलं लिहितो. आणि हे करून तो जळगाव-धुळ्याकडे परत येऊ शकेल, की कायमचा मुंबईचा होईल? कृपया खरं सांगा. धीर देण्यापुरतं सांगू नका.

प्रतिसाद (मूळ भुसावळ, आता मुंबईत)

ताई, मी अकरा वर्षं या कामात आहे. वडील रेल्वेत होते.

आधी आबांना एक गोष्ट सांगा. १९०६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी, की अपघात दाबायचा आणि वार्ताहरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. आयव्ही ली नावाचा माणूस त्या रेल्वेसाठी काम करत होता. त्याने काय घडलं ते लिहून वर्तमानपत्रांना दिलं आणि वार्ताहरांना थेट जागेवर नेलं. आज जिला प्रेसनोट म्हणतात तिची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. तुमच्या भावाने मोटरचं रात्री दहाला सांगितलं, ते याच जातीचं काम आहे. वाईट बातमी आपण होऊन, वेळेत आणि पुढे काय होणार त्यासकट सांगायची. माझ्या हाताखाली आलेल्या पदवीधरांना हे शिकवायला मला दोन दोन वर्षं लागली आहेत.

आता काम. मुलं बहुतेक पीआर एजन्सीत लागतात. सकाळी नवाच्या आत सगळी वर्तमानपत्रं चाळायची, आपल्या क्लायंटबद्दल आणि त्याच्या स्पर्धकांबद्दल काय आलंय ते काढून पाठवायचं. प्रेसनोट लिहायची, ती चारदा बदलून परत येते. वार्ताहरांना फोन करायचे, ते उचलत नाहीत, उचलले तर कापतात. पत्रकार परिषद असेल तर खुर्च्यांपासून माइकपर्यंत सगळं बघायचं. महिन्याअखेर कुठे काय छापून आलं त्याचा अहवाल. पहिली दोन वर्षं अशीच जातात आणि पगार कमी असतो. २०१४ मध्ये मी सतरा हजारावर लागलो, डोंबिवलीला चौघांत एक खोली होती. चार-पाच वर्षांनी वाटा फुटतात. कोणी कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये जातो, तिथे कामगारांशी आणि गुंतवणूकदारांशी बोलण्याचं कामही येतं. कोणी आरोग्य किंवा बँकिंग असा एकच विषय धरतो. कोणी सीएसआरकडे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाकडे वळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. ते काम गावात नेणारा आणि गावाचं म्हणणं कंपनीला समजावणारा माणूस त्यांना लागतो. नंदुरबारच्या पाड्यावर जाऊन बसू शकणारा मुलगा अशा ठिकाणी मोलाचा असतो.

इंग्रजी शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही. क्लायंटच्या मेल इंग्रजीत असतात. पण मराठी चांगलं असणं हे आमच्याकडे कमी समजू नका. इंग्रजी नोटचं जे मराठी भाषांतर बाहेरून येतं ते इतकं भयंकर असतं की उपसंपादक दोन ओळी वाचून बाजूला टाकतो. प्रादेशिक माध्यमं सांभाळणारा चांगला माणूस आम्ही कायम शोधत असतो.

पदवीच्या नावावर फार अडू नका. 'जनसंपर्क' एवढंच नाव असलेली पदवी आपल्याकडे कमी ठिकाणी मिळते, बहुतेक ठिकाणी ती मास मीडिया किंवा जनसंवादाची पदवी असते आणि जनसंपर्क त्यातला एक भाग. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीत, म्हणजे मास मीडियाच्या पदवीत, तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता निवडायची असते. खरं विशेष शिक्षण पदवीनंतर. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, म्हणजे आयआयएमसीत, जाहिरात आणि जनसंपर्काचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मुंबईत झेवियर्सचा आहे. मी तुमच्या जागी असतो तर मुलाला अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातच राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवी करू दिली असती, तीन वर्षांत इंग्रजी पक्कं करून घेतलं असतं, आणि वाचलेले पैसे पुढच्या एका चांगल्या वर्षासाठी ठेवले असते. माझ्याबरोबरची निम्मी माणसं अशीच आली आहेत.

प्रतिसाद (धुळे, निवृत्त वार्ताहर)

मुली, मी २८ वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो, प्रेसनोटा माझ्याकडे यायच्या. त्यातल्या बहुतेक टोपलीत जायच्या. कारण एकच. पहिल्या परिच्छेदात पाच मान्यवरांची नावं आणि काय घडलं ते शेवटच्या ओळीत. तुझ्या भावाने 'कोणत्या गल्लीला किती वाजता' हे आधी लिहिलं, त्याअर्थी त्याला ते उपजत कळतं.

सरकारी वाटेबद्दल. राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, 'लोकराज्य' मासिक तेच काढतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा माहिती कार्यालय आहे. तिथल्या अधिकारीपदांची भरती एमपीएससीमार्फत होते. साध्या पदवीवर भागत नाही, पत्रकारिता-जनसंवादाची पात्रता आणि कामाचा अनुभवही मागतात, म्हणून अर्ज करताना त्या वेळची जाहिरात नीट वाचावी. जागा थोड्या निघतात आणि कधी निघतील याचा नेम नाही. तेवढ्याच आशेवर बसू नये. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे, तिच्या अ गटासाठी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते, त्याला कुठलीही पदवी चालते.

एक गल्लत मात्र सगळे करतात. जिल्हा माहिती अधिकारी वेगळा आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातला जन माहिती अधिकारी वेगळा. पहिला शासनाची बातमी लोकांपर्यंत नेतो, दौऱ्यांची व्यवस्था बघतो, निवडणुकीत उमेदवारांच्या जाहिराती तपासणाऱ्या माध्यम समितीत बसतो. दुसरा हा त्या त्या कार्यालयातलाच अधिकारी असतो, अर्जाला उत्तर देणारा.

हे काम किती महत्त्वाचं आहे ते आपल्याच मुलखात दिसलेलं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला. लाखांनी कोंबड्या माराव्या लागल्या. त्या दिवसांत माणसाला तीनच गोष्टी कळायला हव्या होत्या. माझ्या गावातल्या कोंबड्या मारणार का, भरपाई कशी मिळणार, आणि नीट शिजवलेलं चिकन खाल्लं तर चालतं का. नीट शिजवल्यावर तो विषाणू मरतो. पण अफवा पुढे पळते आणि खरी माहिती चपला शोधत बसते, हे मी स्वतः पाहिलंय. आबांना विचार, त्यांच्या कापसावर उद्या अशी अफवा उठली, तर तिला उत्तर देणारा माणूस त्यांना हवा की नको?

प्रतिसाद (जळगाव, रुग्णालयात जनसंपर्काचं काम)

ताई, परत येता येतं, मी आले आहे.

पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बारावीनंतर मी एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेत पीआरचा कोर्स घेतला. माहितीपत्रकावर 'शंभर टक्के नोकरी' असं ठळक छापलेलं होतं. वडिलांनी दोन म्हशी विकून पहिला हप्ता भरला. दुसऱ्या वर्षी कळलं की जे मिळणार ते संस्थेचं प्रमाणपत्र आहे, विद्यापीठाची पदवी नाही. नोकरी म्हणून एका मॉलमध्ये पत्रकं वाटायला पाठवलं. मी सोडून आले आणि जळगावला नव्याने पदवीला बसले. म्हणून सांगते, फी भरण्याआधी पदवी कोणतं विद्यापीठ देणार ते लेखी मागा, त्या विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः बघा आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांशी संस्थेच्या माणसांशिवाय बोला. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही पत्रकारिता आणि जनसंवादाचा विभाग आहे. तिथेही एकदा चौकशी करा.

माझं काम मुंबईच्या भाऊंसारखं नाही. डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करण्यावर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेची बंधनं आहेत, त्यामुळे शिबिरं आणि आरोग्याची माहिती यातूनच लोकांपर्यंत पोहोचावं लागतं. दिवसातला निम्मा वेळ नातेवाइकांशी बोलण्यात जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कोणती कागदपत्रं लागतात, हे यावलच्या आजीला तिच्या बोलीत सांगायचं आणि चोपड्याच्या माणसाला त्याच्या. अपघाताचा रुग्ण आला की बाहेर कॅमेरे घेऊन माणसं उभी असतात, नाव द्या, फोटो द्या म्हणून. तिथे 'नाही' म्हणता यायला हवं आणि तरी उद्या त्यांनी आपला फोन उचलायला हवा. हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही. पगार मुंबईपेक्षा कमी आहे. घरचं जेवण आहे आणि आई डोळ्यांसमोर आहे.

खान्देशात अशा जागा मोजक्याच, हेही खरं. ठिबकचे आणि पाइपांचे कारखाने, मोठी रुग्णालयं, शिक्षणसंस्था, सोन्याच्या मोठ्या पेढ्या. नुसत्या 'पीआर' नावाने जाहिरात क्वचित येते. सोशल मीडिया, प्रवेश, ग्राहकसेवा असं सगळं एकाच माणसावर असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आबांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. रेल्वेच्या अपघाताची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. म्हशींचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग भावाला हाक मारली आणि म्हणाले, ती पाण्याची वही कुठे आहे, आण बरं. पोराने धावत जाऊन आणली. आबांनी चष्मा लावून एकेक पान बघितलं, आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, मारुतीच्या गल्लीला पाऊण तास नाही, पन्नास मिनिटं लागतात. इतक्या दिवसांनी त्या दोघांचं हे पहिलं बोलणं.

भाऊ पुण्यासाठी अजून हटून बसलाय. पण प्रतापला अर्ज करायला तयार झाला आहे. धुळ्याच्या काकांनी सांगितलं तसं आधी 'काय घडलं' हे धरून त्याने शाळेच्या वृक्षारोपणाची बातमी लिहिली आहे, मान्यवरांची नावं शेवटी. काका, तुम्हाला वेळ असेल तर खाली टाकते, लाल शाईने तपासून द्याल का?

आणि भुसावळच्या भाऊंना आबांचा निरोप आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येणार असाल तर सुरतच्या गाडीने अमळनेरला उतरा, स्टेशनवर घ्यायला येतील. खापरावरचे मांडे आणि रस असेल. त्यांना तुम्हाला समोर बसवून एकच विचारायचंय, की पहिली दोन वर्षं पगार पुरला नाही तेव्हा घरून किती पैसे मागवावे लागले. तेवढा आकडा कळला की त्यांना हिशोब मांडता येईल.